थायरॉइड कॅन्सरनंतरचा आयोडिन स्कॅन: कुठली गोळी बंद, कुठली चालू, आणि मिठाचं काय

प्रश्न थोडक्यात असा: आई ५८ वर्षांच्या, राहणं नाशिकरोडला. दहा महिन्यांपूर्वी पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली. बायोप्सीत पॅपिलरी कार्सिनोमा (थायरॉइड कॅन्सरचा नेहमीचा प्रकार), मानेतल्या तीन गाठींतही आजार. त्यानंतर मुंबईत १०० मिलिक्युरी रेडिओआयोडिन (किरणोत्सर्गी आयोडिन) दिलं. आता पुन्हा ‘आयोडिन स्कॅन’ सांगितलाय आणि तोंडी निरोप एवढाच, की चार आठवडे गोळी बंद, दोन आठवडे मीठ बंद. सध्या चालू आहे ते थायरॉक्सिन १२५, ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल, सकाळ-संध्याकाळ कॅल्शियम ५००, कॅल्सिट्रिऑल (तयार ड जीवनसत्त्व) ०.२५, बीपीसाठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन, मेटफॉर्मिन, आणि केस गळतात म्हणून बायोटिन. गेल्या महिन्यात पोटदुखीसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन झाला. यातलं काय थांबवायचं, काय खायचं?

सुरुवात त्या सीटी स्कॅनपासून करू, कारण बाकीचं सगळं गणित त्यावर अवलंबून आहे. सीटीसाठी शिरेतून देतात तो कॉन्ट्रास्ट आयोडिनचाच असतो. शंभर मिलीमध्ये साधारण तीस ग्रॅम आयोडिन. आयोडिन स्कॅनआधीच्या पथ्यात दिवसभरात जेमतेम ५० मायक्रोग्रॅमची मुभा असते, यावरून हा आकडा केवढा मोठा ते लक्षात येईल. कॉन्ट्रास्टचा बहुतेक भाग दोन दिवसांत लघवीवाटे जातो, पण थोडं आयोडिन सुटं होऊन पुढचे कित्येक आठवडे अंगात रेंगाळतं. थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी या साध्या आयोडिनने आधीच तृप्त झाल्या, की रेडिओआयोडिन त्या घेत नाहीत. मग स्कॅन कोरा येतो आणि आजार नाही असा चुकीचा समज होतो. म्हणून कॉन्ट्रास्ट सीटीनंतर सहा ते आठ आठवडे थांबतात, किंवा लघवीतलं आयोडिन मोजून ठरवतात. थायरॉक्सिन बंद करायच्या आधी स्कॅन केंद्राला फोन करा आणि सीटीची तारीख सांगा. हे नंतर कळलं तर स्कॅन पुढे ढकलला जातो, आणि आई तोवर दोन-तीन आठवडे गोळीविना काढून बसलेल्या असतात. (एमआरआयला देतात त्या गॅडोलिनियममध्ये आयोडिन नसतं. त्याची भीती नको.)

दुसरा फोन सर्जन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टना. त्यांना एकच विचारायचं: हा नेमका कुठला स्कॅन, आणि त्यातून काय शोधायचं आहे? पेशंटच्या तोंडी ‘स्कॅन’ या एका शब्दात तीन वेगळ्या तपासण्या असतात. मानेची सोनोग्राफी हा पाठपुराव्याचा खरा कणा. तिला ना पथ्य, ना गोळी बंद. दुसरा आयोडिनचा होल बॉडी स्कॅन, ज्याची तयारी खाली सांगतो. तिसरा पेट-सीटी. थायरोग्लोब्युलिन (फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात ते रक्तातलं प्रथिन, म्हणजे आजार उरल्याची खूण) वाढलंय पण आयोडिन स्कॅनमध्ये काही दिसत नाही, अशा वेळी तो करतात. त्याला सहा तास उपाशी राहावं लागतं आणि साखर आटोक्यात लागते. मेटफॉर्मिनमुळे आतडं स्कॅनमध्ये उजळतं, म्हणून ती दोन दिवस थांबवायची का ते विचारून घ्यायचं. थायरॉक्सिन मात्र चालूच असतं. पेट-सीटी आणि आयोडिन स्कॅन दोन्ही करायचे असतील तर आयोडिनचा आधी, किंवा पेट-सीटी कॉन्ट्रास्टशिवाय. क्रम उलटला की वरच्यासारखाच घोळ.

गोळी चालू असताना केलेलं थायरोग्लोब्युलिन ०.२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी, अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडी निगेटिव्ह आणि सोनोग्राफी स्वच्छ, अशी तिन्ही उत्तरं हातात असतील, तर आयोडिन स्कॅनची दर वेळी गरज नसते. तो करायचा म्हणजे बाईला महिनाभर थायरॉइडविना ठेवायचं. तेव्हा ‘याने उपचारात काय फरक पडेल?’ असं डॉक्टरांना विचारणं मुळीच उद्धटपणाचं नाही. बायोप्सीत मेड्युलरी प्रकार असेल तर सगळा मार्गच वेगळा. तिथे रक्तातलं कॅल्सिटोनिन आणि सीईए या त्या आजाराच्या खुणा बघतात, आयोडिन स्कॅनचा काही उपयोग नसतो. तुमच्या आईंचा प्रकार पॅपिलरी आहे, तेव्हा पुढे जाऊ.

‘गोळी बंद’ म्हणजे फक्त थायरॉक्सिन

थायरॉइडच्या पेशींनी आयोडिन ओढून घ्यावं यासाठी रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) वर जावं लागतं, ३० च्या पुढे. थायरॉक्सिन थांबवलं की ते आपोआप चढतं, पण वेळ घेतं. या औषधाचं अंगातलं प्रमाण निम्मं व्हायला सात दिवस लागतात. म्हणजे एका आठवड्याने निम्मं, दोनने पाव, चार आठवड्यांनी सोळावा हिस्सा. म्हणूनच चार आठवडे, त्यात उगाच लांबण लावलेली नाही. काही डॉक्टर पहिले दोन आठवडे थायरॉक्सिनऐवजी लायोथायरॉनिन (थायरॉइडचंच दुसरं संप्रेरक, टी-३) देतात. ते दिवसभरात उतरतं, त्यामुळे पूर्ण गोळीविना राहायचे दिवस निम्म्यावर येतात.

दुसरा रस्ता इंजेक्शनचा. थायरोट्रोपिन आल्फा, म्हणजे तयार टीएसएच, ०.९ मिलिग्रॅम, कुल्ल्यात, लागोपाठ दोन दिवस. सोमवार-मंगळवारी इंजेक्शन, बुधवारी आयोडिनचा डोस, शुक्रवारी स्कॅन आणि थायरोग्लोब्युलिनचं रक्त. गोळी बंद करावी लागत नाही. औषध महाग आहे आणि दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, तेव्हा ते मागवून घरच्या फ्रीजमध्ये ठेवण्याच्या भानगडीत न पडता केंद्रावरच घेतलेलं बरं. हृदय अशक्त असलेल्यांना, नैराश्याचा त्रास झालेल्यांना, किंवा टीएसएच वरच जात नाही अशांना हाच मार्ग सुचवतात. आईंचं वय, बीपी आणि बीपीच्या गोळीतलं लघवीचं औषध (क्लोरथॅलिडोन) बघता, याबद्दल डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावं असं माझं मत. कुठल्या सरकारी योजनेत खर्च बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

बंद करायचं ठरलं तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चेहरा सुजेल, थंडी वाजेल, पोट साफ होणार नाही, आवाज जड होईल, बोलणं-चालणं मंदावेल. हे होणारच, आणि गोळी सुरू झाल्यावर ओसरतंही. या दिवसांत त्यांनी स्कूटर चालवू नये. ब्रेक दाबायला लागणारा क्षण लांबतो आणि आपला हात मंद झालाय हे स्वतःला कळत नाही. साखरेची दुसरी औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर अनपेक्षित उतरू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) दर आठवड्याला तपासावा लागतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखायला लागले तर लगेच कळवावं. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) थोडं वर सरकतं. मेटफॉर्मिन चालू असलेल्यांनी ते एकदा बघून घ्यावं.

कॅल्शियमला हात लावायचा नाही

सगळ्यात धोक्याची चूक इथे होते. थायरॉइडच्या मागे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला की रक्तातलं कॅल्शियम टिकत नाही. दहा महिन्यांनंतरही दोन वेळा कॅल्शियम आणि वर कॅल्सिट्रिऑल चालू आहे, याचा अर्थ आईंच्या या ग्रंथी अजून पुरेशा सावरलेल्या नाहीत. घरी मात्र ‘थायरॉइडच्या गोळ्या बंद’ असं ऐकून डबाच्या डबा बाजूला ठेवला जातो. त्यातच पथ्यात दूध-दही सुटतं, म्हणजे जेवणातलं कॅल्शियमही जातं. तीन-चार दिवसांत ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पोटऱ्यात गोळे येतात. बीपी बघायला दंडाला पट्टा आवळला, की दोन-तीन मिनिटांत बोटं पक्ष्याच्या चोचीसारखी जुळून येतात. हे दिसलं की कॅल्शियम कमी आहे हे रिपोर्टशिवायही समजावं.

म्हणून पथ्याचे दोन आठवडे कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल ठरल्या वेळी चालूच. गोळी शिंपल्यापासूनच्या कॅल्शियमची असेल (पाकिटावर लिहिलेलं असतं) तर ती आपणहून सोडू नका. केंद्राला विचारा, हवं तर ते सायट्रेटचं देतील. पथ्य सुरू होताना आणि मध्ये एकदा कॅल्शियम तपासून घ्या, सोबत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन). अल्ब्युमिन ४ पेक्षा जेवढं कमी, त्याला ०.८ ने गुणून येईल ते कॅल्शियमच्या आकड्यात मिळवायचं. कॅल्शियम ८, अल्ब्युमिन ३ असेल तर खरा आकडा ८.८. मुंग्या आल्या तर जादा किती गोळ्या घ्यायच्या हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. हात वाकडे व्हायला लागले किंवा घशात आवळल्यासारखं झालं तर घरी गोळ्या चघळत न बसता दवाखाना गाठायचा. तिथे शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा: क्लोरथॅलिडोन लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं. ती गोळी परस्पर थांबवली तर आईंचं कॅल्शियम आणखी घसरू शकतं, आणि बीपी चढेल ते वेगळंच.

मीठ बंद? चूक. आयोडिन बंद

‘मीठ बंद’ हा निरोप अर्धवट आहे. सोडायचं आहे ते आयोडिनयुक्त मीठ. भारतात दुकानात पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडिन असावं लागतं. म्हणजे एक ग्रॅम मिठात किमान १५ मायक्रोग्रॅम. नुसत्या तीन-साडेतीन ग्रॅम मिठात दिवसाचा ५० चा कोटा संपतो, आणि तेवढं मीठ दुपारच्या जेवणातच जातं.

पण म्हणून आळणी जेवायचं नाही. थायरॉक्सिन बंद असताना शरीराला जादा पाणी बाहेर टाकता येत नाही, क्लोरथॅलिडोन सोडियम लघवीतून घालवतं, आणि त्यात जेवण आळणी, वर ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला. चारही गोष्टी एकाच दिशेला ओढतात आणि सोडियम धाडकन उतरतं. मळमळ, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, कधी फिट. घरच्यांना वाटतं गोळी बंद असल्याने सुस्ती आली. पथ्य सुरू करताना सोडियम तपासा, आठवड्याने पुन्हा. १३५ च्या खाली आलं की डॉक्टरांना कळवा. बीपीची गोळी बदलायची का हे तेच ठरवतील.

मग मीठ कुठलं? बिगर-आयोडिनचं सैंधव, म्हणजे उपासाचं मीठ. पाकिटावर ‘आयोडाइज्ड’ असा शब्द नाही ना, हे वाचून घ्या. सैंधवाच्या नावाखाली आयोडिन मिसळलेलंही विकलं जातं. समुद्राचं खडे मीठ नको. घरात दोन बरण्या ठेवून भागत नाही, सवयीने हात जुन्याच बरणीत जातो. चौदा दिवस सगळ्या घराने सैंधव वापरलेलं सोपं. घरच्यांना एवढ्या दिवसांत काही होत नाही.

मीठ लपून बसतं ते मसाल्यात. वर्षाचा काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, लसणाची सुकी चटणी यांत बऱ्याच घरांत दळतानाच मीठ पडलेलं असतं. लोणचं, पापड, कुरडया, सांडगे तर मिठावरच टिकतात. ते सगळं दोन आठवडे फडताळात. बाहेरचं काहीच नको, म्हणजे मिसळ, फरसाण, चिवडा, पाव, बिस्किटं, वेफर्स. नाशिकच्या माणसाला मिसळीविना दोन रविवार काढणं जड जातं खरं, पण त्या ताटात तर्रीपासून पावापर्यंत सगळीकडे आयोडिनचं मीठ आहे.

मासे, झिंगे, सुकट पूर्ण बंद. दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद. काही याद्यांत दिवसाला ३० मिली दुधाची सूट असते, चहात चमचाभर दूध गेलं म्हणून कोणी घाबरू नये. अंड्याचा पिवळा भाग नको, पांढरा चालतो. सोयाबीन आणि सोया चंक्स नकोत. लाल चेरी, टूटीफ्रूटी, लाल रंगाचं सरबत यांत एरिथ्रोसिन नावाचा रंग असू शकतो आणि त्यात आयोडिन असतं. तीच गोष्ट लाल-गुलाबी कॅप्सूल-सिरपची. केमिस्टला पाकीट दाखवून विचारा.

उरतं ते कमी नाही. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, भात, तूर-मुगाचं वरण, वांग्याचं भरीत, गवार, दोडका, बटाटा, कच्चा कांदा, सैंधव घालून ताजा कुटलेला ठेचा. द्राक्षं, डाळिंब, केळी, पेरू हवे तेवढे, फक्त साखरेकडे लक्ष. ताजं चिकन किंवा मटण शंभर-सव्वाशे ग्रॅमपर्यंत, घरचाच मसाला ताजा वाटून. आपल्याकडचा उपासाचा स्वयंपाक इथे फार कामी येतो. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, रताळं हे सगळं सैंधवातच होतं. दही सोबत घ्यायचं नाही, बस. चहा कोरा, नाहीतर लिंबू पिळून.

खाण्याबाहेरचं आयोडिनही असतं. जखमेवर लावायचं बीटाडिन, त्याच्याच गुळण्या, आयोडिन असलेल्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या, समुद्री शेवाळाची ‘नैसर्गिक’ कॅप्सूल, पोटॅशियम आयोडाइड असलेलं खोकल्याचं औषध. दात काढायचा असेल तर स्कॅननंतर काढा. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमायोडॅरोन चालू असेल तर तिचा परिणाम कित्येक महिने राहतो. ती आपण बंद करायची नसते. फक्त केंद्राला आधी सांगायचं.

बायोटिन: स्वस्त गोळी, महागडी चूक

केसांसाठीच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. अनेक लॅबच्या यंत्रांत तपासणीची रसायनं बायोटिनच्याच जोडणीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असलं की टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिन खोटं कमी दिसतं, फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉक्सिन) खोटं जास्त. कॅन्सरच्या पेशंटमध्ये थायरोग्लोब्युलिन खोटं कमी येणं म्हणजे आजार असून नाही म्हणणं. रक्त देण्याआधी निदान तीन ते पाच दिवस ही गोळी बंद. खरं तर केस गळतात ते बहुधा टीएसएचच्या चढउतारामुळे किंवा लोह कमी असल्याने. फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा) एकदा तपासा.

तारखा मागून पुढे मांडा

कॅलेंडरवर आयोडिनच्या डोसचा दिवस आधी पक्का करा आणि मग उलटं मोजत या. हा दिवस केंद्रच ठरवतं, कारण आयोडिन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. ते साठवून ठेवता येत नाही, मागणीप्रमाणे येतं. देशात वापरलं जाणारं बरंचसं तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. तारीख चुकवली तर पुढच्या खेपेपर्यंत आई गोळीविना ताटकळतात. डोसच्या २८ दिवस आधी थायरॉक्सिन बंद, १४ दिवस आधी पथ्य सुरू, दोन-तीन दिवस आधी टीएसएच, सोडियम, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन नाशिकमध्येच. टीएसएच ३० च्या खाली असेल तर मुंबईची खेप फुकट जायच्या आधीच कळतं. कॅलेंडरवर २०२७ च्या सिंहस्थातल्या पर्वण्याही बघून ठेवा. त्या दिवसांत शहरातून बाहेर पडणं आणि परतणं दोन्ही अवघड होणार आहे.

परळच्या केंद्रात जायचं असेल तर पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरणं सोयीचं, पण स्कॅन डोसनंतर ४८ ते ७२ तासांनी असतो. मंद झालेल्या माणसाला तीन-चार दिवसांत चारदा कसारा घाट ओलांडायला लावण्यापेक्षा दोन-तीन रात्री मुंबईत राहिलेलं परवडतं. निदानाचा डोस २ ते ५ मिलिक्युरी, मागच्या शंभरच्या तुलनेत अगदी थोडा. जास्त दिला तर पेशी अर्धमेल्या होऊन नंतरचा उपचाराचा डोस नीट घेत नाहीत, म्हणून तो मुद्दाम कमी ठेवतात. गोळी बंद करून केलेल्या स्कॅनमध्ये थायरोग्लोब्युलिनचं रक्त डोस घेण्याआधी काढायचं. ते राहिलं तर महिनाभराच्या तपश्चर्येचं अर्धं फळ गेलं.

डोसआधी दोन-तीन तास पोट रिकामं, नंतर एक-दोन दिवसांत पथ्य सोडायचं की नाही ते केंद्र सांगेल. पाणी तहानेपेक्षा थोडं जास्त, पण सोडियमचं वर सांगितलेलं लक्षात ठेवून. बादलीभर नको. संडास बसून वापरणं, दोनदा फ्लश, हात साबणाने. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून दोन-तीन दिवस दोन हात लांब. गाडीत शेजारी अशी कोणी आली तर जागा बदलून घ्या. केंद्राचं पत्र जवळ असू द्या, विमानतळावरची किरणोत्सर्ग शोधणारी यंत्रं वाजू शकतात.

स्कॅनच्या आदल्या रात्री पोट साफ होण्याचं औषध घ्यायला विसरू नका. आयोडिन आतड्यातूनही जातं आणि बद्धकोष्ठ असलं की पोटातला तो पट्टा गाठीसारखा भासतो. सकाळी डोक्यावरून अंघोळ, धुतलेले कपडे, आणि खिशातला रुमाल बाहेर. थुंकी, शेंबूड, लघवी या सगळ्यांत आयोडिन उतरतं. कमरेला खोचलेला रुमाल चित्रात हाडातल्या ठिपक्यासारखा दिसला, आणि रुमाल काढल्यावर ठिपका गेला, हे न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये नवं नाही. लाळेच्या ग्रंथी, नाक, जठर, आतडी, मूत्राशय तर सगळ्यांचेच उजळतात. रिपोर्टमध्ये त्यांची नावं वाचून घाबरू नये.

गोळी पुन्हा, आणि रोजचं वेळापत्रक

थायरॉक्सिन कधी सुरू करायचं, हे केंद्रातून निघण्याआधी तारखेसकट लिहून घ्या. स्कॅनमध्ये काही सापडलं आणि उपचाराचा डोस द्यायचा असेल तर थोडं थांबतात, नाहीतर लगेच. सुरू केल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी तपासलं तर आकडा अर्ध्या वाटेवरचा असतो आणि डोस उगाच बदलला जातो.

आईंचं सध्याचं वेळापत्रक मात्र बदला. सकाळी थायरॉक्सिन आणि कॅल्शियम एकत्र जात असतील तर थायरॉक्सिनचा बराच भाग शोषलाच जात नाही. सहाला थायरॉक्सिन, नुसत्या पाण्याबरोबर. अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत, कारण कार्बोनेटला अन्न आणि आम्ल दोन्ही लागतं. लोहाची गोळी लागली तर थायरॉक्सिननंतर चार तासांनी आणि कॅल्शियमपासून लांब, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला. इसबगोल रात्री. पॅन्टोप्राझोल पोटातलं आम्लच कमी करतं, त्यामुळे वेळ बदलून तिचा अडथळा जात नाही. ती अजून लागतेच का, हे विचारा. लागत असेल तर कॅल्शियम सायट्रेटचं घ्या आणि टीएसएच एकदा जादा तपासा.

एखाद्या दिवशी थायरॉक्सिन राहिलं तर आठवल्यावर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोन. उपासाच्या दिवशीही गोळी आणि घोटभर पाणी घ्यायचंच, हरितालिकेलासुद्धा. बाटली गॅसच्या कट्ट्यावर किंवा खिडकीत ठेवू नका, उष्णता आणि ओल दोन्ही तिला सोसत नाहीत. ब्रँड एकच ठेवा. केमिस्टने बदलून दिला तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघा.

टीएसएच किती दाबून ठेवायचं हे आजाराच्या जोखमीवर ठरतं. गाठींत आजार असलेल्यांना सुरुवातीला साधारण ०.१ ते ०.५. तपासण्या स्वच्छ येत राहिल्या तर पुढे ०.५ ते २ पर्यंत सैल सोडतात. ०.१ च्या खाली नेण्याची गरज आजार उरलेला असेल तरच. रिपोर्टवर ‘लो’ असा ठळक शिक्का बघून फॅमिली डॉक्टर डोस कमी करतात, हे वारंवार घडतं, म्हणून लक्ष्य किती ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पाळी गेलेल्या बाईत वर्षानुवर्षं दाबलेलं टीएसएच हाडं ठिसूळ करतं आणि हृदयाचे ठोके अनियमित करू शकतं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या, धडधड आली तर ईसीजी.

थायरोग्लोब्युलिन कायम एकाच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सोबत अँटीबॉडी दर वेळी. अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल तर थायरोग्लोब्युलिन खोटं कमी दिसतं, मग अँटीबॉडीचाच आकडा उतरतोय की चढतोय ते बघायचं. गोळी बंद करून काढलेलं थायरोग्लोब्युलिन १ पेक्षा कमी, अँटीबॉडी नाही आणि सोनोग्राफी स्वच्छ, तर पुढचा आयोडिन स्कॅन सहसा लागत नाही. दर सहा ते बारा महिन्यांनी रक्त आणि मानेची सोनोग्राफी पुरते. सोनोग्राफीला जाताना जुनी चित्रं सोबत न्या. मानेतली ७ मिलिमीटरची गाठ नवी आहे की मागच्या वर्षीचीच, हे नुसत्या टाइप केलेल्या रिपोर्टवरून सांगता येत नाही.